गाव आलं का?

उंब्रजच्या पुलाखालून नदीकडं वळलं की दोन्ही अंगांना ऊस लागतो. त्या उसात मधेच, हिरव्या पाण्यातल्या बेटासारखं, लालासाहेबांचं घर आहे. डॉक्टर प्रांजल त्या दुपारी तिथं गेली ती फक्त डबा परत द्यायला. लालासाहेबांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, मागच्या ड्युटीला तिच्यासाठी भरीत-भाकरी पाठवली होती आणि धुतलेला डबा तेव्हापासून तिच्या खोलीत पडून होता. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून तिनं वाटेत द्राक्षं घेतली आणि त्यात भरली.

प्रांजल रुग्णवाहिकेवर डॉक्टर होती आणि लालासाहेब त्याच गाडीचे ड्रायव्हर. सैन्यात अवजड गाड्या चालवून परतलेला माणूस. बोलणं मोजकं, पण स्टिअरिंगवर हात असा, की मागं सलाईन लावताना सुई हलायची नाही. वयानं दोघांत बापलेकीचं अंतर होतं, तरी त्यांची एका गोष्टीवरून गट्टी जमली होती. दोघांनाही झोप लागत नसे.

साथीच्या दुसऱ्या लाटेत दोघांनाही तो आजार झाला होता. प्रांजलला सांगलीच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर असताना, लालासाहेबांना गाडीवर असताना. ताप गेला, खोकला गेला, तोंडाची चवही परत आली. झोप मात्र आली नाही. आणि ही गोष्ट त्या दोघांचीच होती असंही नाही. त्या उन्हाळ्यात गाड्यांवर, वॉर्डांत राबलेली कितीतरी माणसं अशीच झाली होती. कुणी तासाभरानं दचकून उठायचं, कुणी दिवा जळत ठेवूनच आडवं व्हायचं. एक सिस्टर तर म्हणायची, मला झोप लागते, पण उठल्यावर अंग असं दुखतं की जणू कुणी माझ्या अंगावर झोपून गेलंय. सगळे हसायचे. प्रांजलही हसायची.

शालनवहिनी ओट्यावर बसून ज्वारी निवडत होत्या. प्रांजलला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू या, ताई. झोपल्यात."

प्रांजल थबकली. "झोपलेत? दादा कालच तर म्हणत होते, आठवडा झाला डोळ्याला डोळा लागला नाही."

"त्ये तसंच म्हणत्यात." वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. "उठलं की म्हणत्यात, जागाच हुतो, पत्र्याकडं बगत पडलो हुतो. आन् मी बगती तर घोरत असत्यात. हलवलं तर उठत न्हाईत. डोळं आर्धं उगडं, आन् माणूस लांब कुठंतरी."

बाहेरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून घोरणं येत होतं. संथ, ओलसर, मधेच अडखळणारं. वहिनी प्रांजलच्या जवळ सरकल्या.

"मला वाटलं, गादीत गुठळ्या झाल्यात, म्हणून झोप लागत नसंल. पिंजून आणली. तर पिंजारी काय म्हणला ठावं हाय का? म्हणला, वहिनी, एवढ्याशा गादीवर दोघं कशी मावताय? दोन खळगं हुतं तिला. एक लांब, ह्यांचं. आन् एक भिताडाकडंला… आखूड. पाय पोटाशी घिऊन कुणी निजल्यागत."

"तुम्ही…"

"मी आत निजती, पोरींजवळ. त्या आजारात ह्यास्नी भाईरच्या खोलीत ठेवलं, त्ये तितंच राहिल्यात. त्या गादीवर दुसरं कुणी निजत न्हाई, ताई."

ऊन्ह पत्र्यावर तडतडत होतं. उसाच्या पात्यांची सळसळ तेवढ्यात थांबली आणि आतलं घोरणंही थांबलं. मग आवाज आला. बारीक, थकलेला, दात नसलेल्या तोंडातून यावा तसा.

"ऊर… बंतेन?"

"ह्ये बगा," वहिनी कुजबुजल्या. "रोज ह्येच. ऊर, ऊर करत्यात. मला वाटलं छातीच दुखती. कराडला नेऊन काळजाची पट्टी काढली. कायबी निगालं न्हाई."

प्रांजलच्या हातातला डबा तसाच राहिला. तिचं गाव जतकडचं. मेंढरांमागं पिढ्या घालवलेलं घर. तिची आजी, हरणाबाई, मराठीपेक्षा कानडीच जास्त बोलायची. लहानपणी एसटीतून गावी जाताना प्रांजल आजीच्या मांडीवर पडून हाच प्रश्न सारखा विचारायची.

"छाती नाही, वहिनी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "कानडी आहे ते. ऊर म्हणजे गाव. गाव आलं का, असं विचारतायत."

"ह्यास्नी कुठलं आलं कानडी?"

आतून पुन्हा तोच आवाज आला. या वेळी जरा कळवळून. "ऊर बंतेन?" आणि प्रांजलच्या तोंडून, लहानपणी आजी जसं सांगायची तसं, आपसूक निघून गेलं, "इन्नू इल्ला." अजून नाही.

आत शांतता पसरली. ऐकणाऱ्याला असते तशी शांतता. मग बाज करकरली. कुणीतरी कूस बदलली. आणि लगेच, पहिली करकर थांबायच्या आत, दुसऱ्या कुणीतरी बदलली.

"शालन," लालासाहेबांचा नेहमीचा, भारदस्त आवाज आला. "कोण आलंय गं? मी जागाच हाय."

*

पुढच्या ड्युटीला प्रांजलनं विषय काढला, ऊरचा अर्थही सांगितला. लालासाहेब काच पुसत होते.

"पलटनीत कर्नाटकची पोरं हुती. त्यांच्याकडनं लागलं आसंल तोंडाला."

"तो आवाज तुमचा नव्हता, दादा."

"झोपंत कुणाचा आवाज आपला असतोय, मॅडम?" एवढं बोलून ते दुसऱ्या बाजूची काच पुसायला गेले.

तिनं वर कळवायला हवं होतं. ड्रायव्हरची झोप नीट नाही, त्याला काही दिवस गाडी देऊ नका, एवढंच सांगायचं होतं. पण मग विचारणारा तिलाही विचारणार, तुझी झोप कशी आहे? आणि सगळ्यांनी खरं सांगायचं ठरवलं तर किती गाड्या उभ्या राहतील? तिनं कळवलं नाही. लालासाहेबांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मात्र त्या दिवसापासून वाढत गेली. अलीकडं ते बोलता बोलता मधेच थांबत आणि मान किंचित मागं वळवत. मागच्या रिकाम्या स्ट्रेचरवरून कुणी हाक मारावी आणि आपण कान द्यावा, तसं.

मार्च सरता सरता एका दुपारी कोयनानगरहून बोलावणं आलं. पाटणकडची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून उंब्रजची गाडी निघाली. नाथाजी नावाचा पन्नाशीचा शेतकरी. भाताच्या राबासाठी, रोपांची जागा भाजायला, पाला गोळा करताना त्याला नाग चावला होता. तिथल्या दवाखान्यात विषावरचं औषध चढवलं होतं, पण पापण्या जड झाल्या होत्या, जीभ अडखळत होती. श्वासाचं यंत्र लागेल म्हणून त्याला कराडला हलवायचं होतं. घरची माणसं जीप करून गाडीच्या मागं निघाली.

नागाचं विष अंगातली ताकद हळूहळू काढून घेतं. आधी पापण्या मिटतात, मग गळा, मग छाती थकते. प्रांजल नाथाजीच्या उशाशी बसून सारखी बोलत राहिली.

"काका, इकडं बघा माझ्याकडं. पोरं किती तुम्हाला?"

"येक… पोरगी… पुण्याला…"

"नाव काय तिचं? झोपायचं नाही हं. नाव सांगा."

वळणं मागं पडली, पाटण गेलं, मोकळा रस्ता लागला. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये एक सरकती काच होती. ती वीतभर उघडी होती. प्रांजलला आपलाच आवाज एकाएकी मोठा वाटू लागला. तिच्या ध्यानात आलं की सायरन बंद झालाय. तो कधी बंद झाला, हे तिला आठवेना.

गाडीही संथ चालली होती. कळपामागून माणूस चालावा तशी.

आणि त्या वीतभर फटीतून आवाज आला. तोच, दात नसलेला. पण आता त्यात कळवळा नव्हता. माया होती.

"बंतु…"

आलं.

"बंतु… मल्को."

आलं… झोप आता.

नाथाजी कोयनेच्या डोंगरातला माणूस. कानडीचा एक शब्दही त्याच्या कानावरून गेला नसेल. पण त्याचा ताठरलेला चेहरा तो आवाज ऐकताच सैल झाला. आईनं थोपटल्यावर पोराचा होतो तसा. ओठांवर हसू आलं, आणि प्रांजल एवढा वेळ जिवाच्या आकांतानं उघड्या ठेवत होती ते डोळे मिटले.

"काका! नाथाजीकाका!" जागं करायला तिनं मुठीनं त्याची छाती घासली. श्वास उथळ झाला होता. तिनं तोंडावर मास्क दाबला आणि हातातला फुगा दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. मागून जीपचा हॉर्न वेड्यासारखा वाजत होता. तिनं बाजूच्या काचेतून बाहेर बघितलं. बाहेर सदाशिवगड दिसत होता. तो गड कराडच्या पलीकडं आहे. दवाखाना, पूल, अख्खं शहर मागं टाकून गाडी पूर्वेकडं चालली होती. विट्याच्या रस्त्यानं. त्याच रस्त्यानं पुढं जत.

"दादा! दादा, गाडी वळवा!"

केबिनमधल्या आरशात तिला लालासाहेबांचा चेहरा दिसत होता. हात स्टिअरिंगवर बरोबर जागच्या जागी होते. समोरून ट्रॅक्टर आला, गाडी हलकेच डावीकडं झाली, पुन्हा मधे आली. आणि आरशातले डोळे मिटलेले होते.

"मल्को…" आवाज म्हणाला.

प्रांजलचे दोन्ही हात गुंतले होते. नाथाजीला सोडून काचेकडं जाणं म्हणजे त्याला मारणं होतं. किंचाळून उपयोग नव्हता, कारण ज्याला हाक मारत होती तो माणूस तिथं नव्हताच. मग तिनं जो होता त्याला हाक मारली. घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी, अदबीनं.

"आज्जा… गाडी निल्लस्री."

आजोबा, गाडी थांबवा.

क्षणभर काहीच झालं नाही. मग डावा दिवा उघडझाप करू लागला. गाडी रस्त्याच्या कडेला आली आणि अंगणात लावावी तशी अलगद थांबली. जीपही मागं येऊन थांबली.

"मॅडम?" लालासाहेबांचा आवाज. घोगरा, घाबरलेला. "ह्यो… ह्यो कुठला रस्ता?"

"वळवा, दादा. कराड मागं राहिलं. मी बोलत राहते, तुम्ही मला मोठ्यानं उत्तर द्या. बोलायचं थांबू नका."

ते बोलत राहिले. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या ओरडून वाचत, घाम पुसत त्यांनी गाडी परत आणली. नाथाजीला यंत्रावर घेतलं. त्याचं नशीब बळकट. पुढं तो बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला. पण ही पुढची गोष्ट. त्या दुपारी दवाखान्याच्या आवारात, गाडीच्या सावलीत, लालासाहेब जमिनीवरच बसले होते.

"दादा, कोण आहे तो?"



"गुंडा नाव त्येचं. जतच्याबी पल्याड, कर्नाटकाच्या शिवंवरचा म्हातारा. त्या उन्हाळ्यात माणसं कमी पडली म्हणून मला तिकडं पाठवलं हुतं. मेंढरांच्या वाड्यातनं उचलला त्येला. लेक आधीच सांगलीत भरती हुता. म्हातारीला गाडीत घिता येत नव्हतं. ती नुसतीच उभी राहिली, तोंडाला पदर लावून. आमचा डॉक्टरच तापानं पडला हुता, तवा मागं कुणी न्हाई. म्हातारा, आन् ऑक्सिजनची टाकी. मलाबी ताप हुता, मॅडम. त्या प्लास्टिकच्या कपड्यात आंग भाजत हुतं."

"तो विचारत होता?"

"सारखा. ऊर बंतेन, ऊर बंतेन. मला वाटलं ऊर दुखतोय म्हणतोय. बंद पडतोय म्हणतोय. मी म्हणायचो, थांबा आजोबा, हवा वाढवलीया. पयल्या दवाखान्यात जागा न्हाई. दुसऱ्यात न्हाई. त्येचं चालूच. माझंबी डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवटाला म्हणलो, आलं आजोबा, आलं. आता झोपा." त्यांनी तळव्यानं डोळे दाबले. "कुठं आलं हुतं? रस्त्यात हुतो आमी. पर त्येनं आयकलं. आरशात बगितलं मी. हासला. आन् झोपला. परत हाक आली न्हाई."

त्या दिवसांच्या रिवाजाप्रमाणं गुंडाचं शेवटचं कार्य तिकडंच, शहरातच झालं होतं. तो घरी गेला नव्हता.

"त्येला दवाखान्यात जायचंच नव्हतं, व्हय ना?" लालासाहेब म्हणाले. "त्येला वाटत हुतं, मी त्येला गावाकडं चाललोय घिऊन."

प्रांजलनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घर आठवतंय त्याचं?"

"वाट आठवती," ते म्हणाले. "डोळं मिटलं की तीच दिसती."

*

लालासाहेबांनी रजा टाकली. सुट्टीच्या दिवशी सकाळीच प्रांजलनं आपली लहान गाडी काढली. स्टिअरिंगवर ती, आणि लालासाहेब आपणहून मागं बसले. मागच्या सीटच्या अगदी कडेला, दाराला चिकटून. शेजारची जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

विट्याच्या पुढं ऊस हळूहळू संपत गेला. काळी रानं तांबूस झाली, मग पांढुरकी. ज्वारीची धाटं उभी होती. पाण्याचे टँकर ठिबकत चालले होते आणि ते ठिबकलेलं पाणी धुळीत पडताच नाहीसं होत होतं. जत मागं पडलं तेव्हा लालासाहेबांची मान कलली. थोड्या वेळानं मागून प्रश्न आला.

"ऊर बंतेन?"

प्रांजलनं आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "इन्नू इल्ला, आज्जा," ती म्हणाली.

मैल-दोन मैलांवर पुन्हा तोच प्रश्न. मग त्याहून लवकर. मग वळणावळणाला. आवाजात आता लहान पोरासारखी अधीरता आली होती. गाडीत मेंढरांच्या लोकरीचा, ओल्या घोंगडीचा वास दाटून आला. तो वास प्रांजलच्या ओळखीचा होता, आजीच्या कुशीतला होता, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. तरी ती उत्तर देत राहिली. खोटं एकदाही सांगितलं नाही.

एका बोडक्या माळावर वाट फुटली होती. मागून आवाज आला, अगदी हळू.

"इल्ले…"

इथंच.

तिनं गाडी वळवली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत मेंढरांचा रिकामा वाडा, मागं दगडी घर. दारात एक म्हातारी वाकून झाडत होती. गुंडाची बायको, चंद्राबाई. प्रांजलनं उतरून, अडखळत, कानडीत सांगायला सुरुवात केली. आम्ही कोण, कशाला आलो. म्हातारीनं अर्धंच ऐकलं. तिची नजर गाडीकडं लागली होती.

लालासाहेब उतरत होते. सहा फुटी ताठ माणूस, पण दारातून बाहेर आला तो कमरेत वाकून, एक हात गुडघ्यावर टेकत. डोळे अर्धे मिटलेले. पाय असे ओढत होते की जणू पायांत वहाणा मोठ्या झाल्यात. चंद्राबाईच्या हातातली केरसुणी खाली पडली.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. आत गेली, तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. तुकडा त्यांच्यावरून ओवाळून दूर टाकला. पायांवर पाणी ओतलं. आणि उशिरा आलेल्या नवऱ्यावर बाई जशी कावते तशी, थोडं रागानं, थोडं दमून म्हणाली, "बंतु. ऊर बंतु. ओळग बा." आलं, गाव आलं. आत ये.

लालासाहेबांनी उंबरा ओलांडला आणि भिंतीशी अंथरलेल्या घोंगडीवर कोसळले. पाय पोटाशी घेतले. आखूड झाले. चंद्राबाई शेजारी बसली आणि घोंगडीवर हात ठेवून बराच वेळ हळू आवाजात काहीबाही सांगत राहिली. कुठली मेंढी विकली, लेकाला किती दिवसांनी घरी सोडलं, विहिरीला पाणी कसं आटलं. प्रांजल बाहेर बाभळीखाली जाऊन बसली. ते बोलणं तिनं ऐकायचं नव्हतं.

उन्हं कलल्यावर लालासाहेब बाहेर आले. ताठ चालत. डोळे लाल, चेहरा ओला.

"मॅडम," ते म्हणाले. "मॅडम, मी झोपलो हुतो. खरंच झोपलो हुतो. मला कळलं, मी झोपलो हुतो."

परतताना ते पुढं बसले. मधे थांबून चहा प्यायले, खारे शेंगदाणे घेतले, पलटनीतल्या एका स्वयंपाक्याची गंमत सांगितली. प्रांजल इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हसताना बघत होती. विटा जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं.

"दादा, त्या उन्हाळ्यात… आणखी कुणाला असं सांगितलं होतं का? आलं म्हणून?"

लालासाहेबांनी सोललेला शेंगदाणा पुडीत परत टाकला. ते काचेबाहेर बघत राहिले.

"सगळ्यास्नीच," ते म्हणाले. "दुसरं काय सांगणार, मॅडम? ज्येनं इचारलं त्येला सांगितलं."



*

लालासाहेबांना झोप लागू लागली. रजेचा सगळा महिना ते रात्रीही झोपायचे आणि दुपारीही. शालनवहिनी फोनवर सांगायच्या, "आता बडबड न्हाई, घोरणं न्हाई. लहान पोरागत निजत्यात. तुमचं लय उपकार, ताई." मग एके दिवशी त्यांनी तिला जेवायलाच बोलावलं. दुपारचं.

ती पोचली तेव्हा ऊस तुटून गेला होता. घर उघड्या रानात एकटं पडलं होतं. चार बाजूंना नुसती पाचट, आणि त्यावर ऊन्ह. ओट्याच्या पायरीवर बाहेरच्या खोलीच्या दाराशी चपलांची रांग होती. पाहुणे आलेले दिसतात, असं मनाशी म्हणत तिनं आपली सँडल रांगेच्या शेवटी काढली. नाल मारलेलं जड पायताण होतं. निळ्या रबरी चपला होत्या, एकीचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. जोडवी घासून पट्टा झिजलेली बायकी चप्पल. एका पोरीचे काळे, शाळेचे बूट.

आत चुलीपाशी शालनवहिनी एकट्याच भाकरी थापत होत्या.

"कोण पाहुणे आलेत, वहिनी?"

"पावणं?" त्यांनी मान वर केली. "कुणी न्हाई ओ. आपुन दोघीच. पोरी मामाकडं गेल्यात. हे झोपल्यात भाईर. उठवू का?"

"नको," प्रांजल म्हणाली. "राहू द्या."

ती दबक्या पावलांनी बाहेरच्या खोलीच्या दाराशी गेली. दार लोटलेलं होतं. फटीतून तिनं बघितलं. लालासाहेब बाजेच्या अगदी कडेवर, कुशीवर, श्वाससुद्धा ऐकू येणार नाही इतके शांत झोपले होते. जरा हलले असते तरी खाली पडले असते. त्यांच्या पाठीमागं भिंतीपर्यंतची सगळी गादी त्यांनी मोकळी सोडली होती. चेहऱ्यावर समाधान होतं. ते खरोखरच झोपले होते.

"ताई, ताट वाढलंय," वहिनींनी आतून हाक मारली. "या की."

"आले. फोन गाडीत राहिला," ती म्हणाली, आणि ओट्यावर आली.

अंगणात चिटपाखरू नव्हतं. तुटलेल्या रानातून घराकडं येणारी पायवाट दूरवर दिसत होती, मोकळी. रांग तशीच होती. पण ती आता तिच्या सँडलपाशी संपत नव्हती. सँडलच्या पलीकडं, नीट जोडून, आणखी एक जोड ठेवलेला होता. साधी चामडी चप्पल, मापानं मोठी. ज्येनं इचारलं त्येला सांगितलं, लालासाहेब म्हणाले होते.

प्रांजल खाली बसली. तिनं आपल्या सँडलला हात लावला. एवढ्या वेळात ती उन्हानं चटका बसेल इतकी तापली होती. मग तिनं बोट पुढं नेलं, आणि शेजारच्या चपलेच्या तळव्यावर टेकवलं.

ती गार होती. आणि आतून पाय आत्ताच काढल्यासारखी ओलसर.